जोडीतला डावा बैल

वाशीम,
२० जुलै २०२५

चि. पौर्णिमा हीस
अ. उ. आ. आणि सप्रेम जयभीम.

पाकीट पाहून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. तुझ्या फोनवर काही लिहावं तर ते दुपारपर्यंत साऱ्या सावळदरीच्या ग्रुपवर फिरतं, आणि तुझ्याशी बोलावं तर माझा रक्तदाब चढतो आणि तुझी मामी फोन काढून घेते. म्हणून हा जुना मार्ग. पोस्टातल्या बाईंनी मला असं न्याहाळलं, जणू मी भूर्जपत्र मागितलं.

काल हरीओम आला होता. आपल्या गावच्या मानाच्या जोडीचा मालक, आणि एके काळी माझ्या संस्कृतच्या वर्गात देव शब्द चालवताना घाम फुटलेला विद्यार्थी. पाया पडला, चहा घेतला, आणि मग पोटातलं बाहेर काढलं. तू मालेगावला तहसीलदारांकडे अर्ज दिलास म्हणे, की येत्या पोळ्याला आखराच्या मैदानात आमचाही बैल गावच्या जोड्यांबरोबर तोरणाखाली उभा राहणार. हरीओमचं म्हणणं असं की सर, पोरीले समजवा, इतक्या पिढ्या कोनाले काई टोचलं नाही, आताच काहून टोचून राह्यलं.

माझी हरकत त्याच्याहून वाईट आहे. तुझ्या आजोबांनी छप्पन साली घरातला देव्हारा रिकामा केला, तो काय नातीनं पुन्हा आंब्याच्या पानांखाली रांग लावावी म्हणून? जे घर आपण आपल्या पायांनी सोडलं, त्याच्याच ओसरीवर बसायला जागा मागणं मला तरी शोभत नाही.

शिवाय रंगूबाईचा विचार कर. ताईकडे एक चांद्या, शेजारच्या रंगूबाईकडे एक मोऱ्या. चांद्या डावा, मोऱ्या उजवा, दोघांची मिळून एक जोडी, आणि तिच्यावर दोन घरांची वावरं. पोळ्याच्या दिवशी तेवढा मोऱ्या, रंगूबाईची जात तोरणाला चालते म्हणून, दुसऱ्या कुणाच्या बैलासोबत आखरावर जातो आणि चांद्या दारातच पुरणपोळी खातो. मला विचारशील तर दोघांत सुखी चांद्याच आहे. त्याला भाषणं ऐकावी लागत नाहीत.

हरीओमनं तोडगा दिला आहे. तोरण तुटून मानकरी घरी गेले की चांद्याला खुशाल मैदानातून फिरवून आणा, कुणी हू की चू करणार नाही. मला हे बरं वाटलं. बैलाला वेळेचं भान नसतं.

तेव्हा अर्ज मागे घे, आणि मामावरचा लोभ मात्र मागे घेऊ नकोस.

तुझा
इंद्रभानमामा


सावळदरी,
२६ जुलै २०२५

ती. मामांस
पौर्णिमाचा जयभीम, वि. वि.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. ती तूर पाखडत होती. बैलाला वेळेचं भान नसतं, इथं आले तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली की तुह्या मामाले इच्यार, त्याले कायचं भान हाये.

मामा, आम्ही देव मागत नाही. आरती त्यांची, नारळ त्यांचा, तो त्यांनीच फोडावा. आखर मात्र गावठाणाचं आहे. वर्षभर आमची गुरं तिथूनच चरायला जातात, शेण आमच्याच बाया उचलतात, तेव्हा कुणाचं काही बाटत नाही. एकाच दिवशी ते मैदान पवित्र होतं, आणि पवित्र होतं म्हणजे आमच्यावाचून होतं. पोळ्याला गाव रांग लावून सांगतं की इथले शेतकरी कोण. आईला मजूर म्हणून सगळे हाक मारतात. सातबारा तिच्या नावावर आहे, पण शेतकरी म्हणून तिला आजवर कुणी आवतण दिलेलं नाही. मला ते पाहिजे. तोरण तुटल्यावरचं नको, आधीचं पाहिजे.

तुमचा सज्जन विद्यार्थी तुमच्याकडे चहा पिऊन आला आणि दुसऱ्याच दिवशी गिरणीवाल्यानं आमचं दळण परत पाठवलं. पट्टा तुटला म्हणे. आमच्यामागून आलेल्या बाईचं दळण त्याच तुटलेल्या पट्ट्यावर झालं. आता आम्ही शिरपूरहून पीठ आणतो. रंगूबाईला पारावर बोलावून बजावलं आहे की मोऱ्याला चांद्यासोबत जुंपलं तर तुझ्याही घरी कुणी पाय ठेवणार नाही. बैलांनी तण काढायची डवरणी तशीच राहिली. सोयाबीनच्या तासांत तण माजलंय आणि चांद्या दिवसभर दावणीला उभा राहून कुंपणापलीकडच्या मोऱ्याकडे बघतो.

आणि आपण ते घर सोडलं हे तुम्ही मला शिकवू नका. तोरणाखाली उभा राहून हरीओम दरवर्षी झडती म्हणतो, टवाळीची ती कवनं ऐकून सारं गाव ओरडून साथ देतं, ती लिहून कोण देतं? वाशीमला बसून तुम्हीच ना? गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. तुमचे शब्द बेगड लावून तोरणाखाली उभे राहतात, टाळ्या घेतात. बाटवतो तो फक्त आमचा बैल.

अर्ज मागे घेणार नाही. लोभ ठेवायचा की नाही ते तुम्हीच ठरवा, मी सध्या दळणाच्या मागे आहे.

तुमची
पौर्णिमा


वाशीम,
३१ जुलै २०२५

चि. पौर्णिमा हीस
आशीर्वाद. अनेकही नाहीत आणि उत्तमही नाहीत, पण आहेत.

मामाला इतकं झोंबेल असं लिहिता येतं, तर तहसीलदारांच्या अर्जात दर ओळीला नम्र विनंती कशाला घातलीस? प्रत वाचली. मागणी एक आणि विनंत्या सात-आठ. साहेबांना वाटेल, ही बाई बैलासाठी नव्हे, बदलीसाठी आली आहे. दुसरा अर्ज लिहिशील तेव्हा आधी हक्क लिही, मग सही कर. मधे काही नको.

झडतीचं बोललीस ते ऐक. त्या कवनांत मी आजवर सरपंचाची, पतसंस्थेची आणि हरीओमच्या बापाची यथेच्छ टर उडवली, आणि तीही हरीओमच्या तोंडून, भर आखरावर, त्याच्याच खर्चाच्या लाउडस्पीकरवर. गड्यांनो, हसा, असं त्यानंच गावाला सांगायचं. तू याला लाचारी म्हणतेस. मी याला अलंकारशास्त्र म्हणतो. तुझ्या मोर्चांत घोषणा देणाऱ्यांपैकी कुणी हे करून दाखवावं.

माझा राग वेगळाच आहे. तुझ्या हक्काच्या लढाईत पहिली आडवी झाली ती एका विधवेची डवरणी. रंगूबाईला ना तोरणाचं सुख, ना तुझ्या समतेचं. ती दोन दगडांत सापडली आहे आणि त्यातला एक दगड माझ्या भाचीनं ठेवला, असं मी म्हणतो. तुला हे कडू लागेल, लागू दे.

यंदाची झडती लिहायला घेतली आहे. हरीओम दहा-बारा दिवसांत न्यायला येईल. तुला कळावं म्हणून लिहितो, परवानगी मागत नाही.

रीत म्हणून लिहितो, लोभ असावा.

इंद्रभानमामा


सावळदरी,
७ ऑगस्ट २०२५

इंद्रभान,
विमलताईचा जयभीम.

मी सातवी शिकलेली बाई, माह्यं चुकलं तर तू लाल पेनानं गोल करशीन, पन वाचशीन तर खरं. पोरगी मनते मामाचं पत्र आलं, त्यात रंगूबाईचा कळवळा हाये. म्हून मी सोता लिहून राह्यली.

तुले तिचा कळवळा दुरून आला. मी कुंपनाजोळून पाह्यतो. तुह्या हरीओमनं मोठेपना करून तिले दुसऱ्याचा बैल देल्ला, आन् मोऱ्याले डाव्या अंगाले जुंपला. त्याले कोन सांगीन का मोऱ्या जन्मापासून उजव्या अंगाले चालते, डावीकडे चांद्या नसला का त्याले तास दिसत नाही? गेला ना मंग तो सोयाबीनीत आडवा. तासच्या तास तुडवले. रंगूबाई बांधावर बसून रडली आन् रडता रडता मलेच शिव्या देल्ल्या. मी आयकून घेतल्या. देतीन तवा ते आपल्याच मानसाले देतीन ना.

तू मनतो चांद्या सुखी हाये. ज्येष्ठात हरीओमच्या पानथळ तुकड्यात टॅक्टर फसला तवा पेरनी कोनं केली, इच्यार त्याले. याच जोडीनं केली. डाव्या अंगाले चांद्याच होता. माह्या बैलाच्या पायाची माती त्याच्या वावरात चालते, त्याच्या आखरावर नाही चालत.

दर वर्सी पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळनी मीच करतो. तूप-हळद घेऊन दोघाईचेबी खांदे मळतो, चांद्याचेबी आन् मोऱ्याचेबी, कारन रंगूबाईच्या हाताले संधिवात हाये. दोघाईले उद्या जेवाले या मनून आवतन देतो. आन् दुसऱ्या दिवशी एकाचे घुंगरं वाजत जाते आन् एक दारात राह्यते. आपले बाबा व्हते तवा ते मनत का बैलाकडे पाहू नको, आत ये. मी आजवर आत गेली. आता नाही जात.

तू झडती दे नाहीतर नको देऊ. तुह्या शब्दाचा मालक तू. पन चांद्याच्या खांद्याचा मालक हरीओम नोहे, तहसीलदार नोहे, आन् तूबी नोहे.

जेवत जा वेळेवर. वयनीले जयभीम सांग.

तुही ताई
विमल


वाशीम,
१४ ऑगस्ट २०२५

चि. हरीओम यास
आशीर्वाद, वि. वि.

परवा झडती न्यायला आलास आणि रिकाम्या हाती गेलास, तेव्हा तुला वाटलं असेल की सरांचं वय झालं, लिहून झाली नसावी. लिहून झाली आहे. तुला देत नाही, एवढंच.

मी तुला सहज विचारलं होतं की या वर्षी मी स्वतःच आखरावर येऊन झडती म्हटली तर? तू अतिशय आदरानं सांगितलंस की सर, तुमी स्टेजवर बसा, शाल-श्रीफळ ठेवतो, फोटो काढतो, पन खाली जोड्यांमंदी नका येऊ, लोकं काई बोलतीन. मी तुला कित्येक गोष्टी शिकवल्या, पण इतकी स्वच्छ व्याख्या तू मला पहिल्यांदाच शिकवलीस. माझ्या खांद्यावर तुझी शाल चालते. माझ्या बहिणीच्या बैलाचा खांदा चालत नाही.

तहसील कचेरीचं पत्र तुलाही मिळालं असेल. मैदान सार्वजनिक आहे, कोणत्याही शेतकऱ्याला अडवू नये, आणि पोळा नेहमीप्रमाणे पाच वाजता भरावा, असं त्यात साध्या मराठीत आहे. मी येणार आहे. स्टेजवर नाही. चांद्याच्या डाव्या बाजूला.

गिरणीचा पट्टा दुरुस्त झाला असल्यास कळव.

तुझा जुना शिक्षक
इंद्रभान

ता. क. या पत्राची नक्कल पौर्णिमाला पाठवत आहे. पौर्णिमे, वाचून हुरळून जाऊ नकोस. अर्जातल्या त्या विनंत्यांबद्दलचं माझं मत कायम आहे.


वाशीम,
२५ ऑगस्ट २०२५

चि. पौर्णिमा हीस
अ. उ. आ. आणि सप्रेम जयभीम.

शांतता भंगू नये म्हणून महिनाअखेरपर्यंत तू गावात पाऊल ठेवू नयेस अशी नोटीस निघाली आणि तू अकोल्याला वकीलबाईंकडे जाऊन बसलीस, ते बरं केलंस. ज्यांनी गिरणी बंद केली त्यांच्याकडून कुणाच्याच शांततेला धोका नव्हता, असं दिसतं. ताईनं फोनवर तुला झालं एकदाचं, एवढंच सांगितलं असणार. म्हणून सविस्तर लिहितो.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी गावात पोचलो. शिरपूरच्या फाट्यावरून येणाऱ्या ऑटोवाल्यानं भीमनगरपर्यंत यायला नकार दिला, तेव्हा पिशवी घेऊन चालत गेलो. पारावर बसलेल्या माझ्या तीन माजी विद्यार्थ्यांनी मोबाईलमधून डोकं वर काढलं नाही. एकानं जमिनीवर थुंकायचं निमित्त केलं. उच्चार स्पष्ट होता.

ताईनं अंगणात चांद्याचे खांदे मळले. तूप-हळदीची दुसरी वाटी तशीच बाजूला ठेवली होती. कुंपणापलीकडे मोऱ्या उभा होता, रंगूबाईचं दार मात्र लावलेलं होतं. ताईनं चांद्याला उद्याचं आवतण दिलं, मग कुंपणाकडे पाहिलं आणि वाटी झाकून ठेवली. मी काहीतरी बोलायला गेलो तर म्हणाली की आता संस्कृत नको.

पोळ्याला आम्ही साडेचारला निघालो. चांद्याच्या शिंगांना रंग, कपाळाला बेगड, पाठीवर तुझ्या जुन्या ओढणीची झूल. भीमनगरातली दहा-बारा माणसं मागे, दोन हवालदार पुढे. वेशीशी आलो आणि समजलं की पोळा फुटला. हरीओमनं तीनलाच जोड्या जमवल्या, आरती उरकली, तोरण तोडलं आणि सगळे आपापल्या घरी गेले. पाचची वेळ पाळायला कुणी बांधील नव्हतं म्हणे, पोळा म्हणजे काही कोर्टाची तारीख नाही.

मैदानात काय उरलं होतं सांगू? दोन बांबू, त्यांच्यामधे काही नाही, खाली तुडवलेली आंब्याची पानं आणि नारळाची करवंटी. सगळं गाव मात्र तिथंच होतं, ओट्यांवर, गच्चीवर, अर्ध्या लावलेल्या दारांत. कुणी शिट्टी मारली. कुणी ओरडलं की घ्या आता आखर, झाडून काढा. हवालदार दुसरीकडे बघू लागला. मला वाटलं, ताई आता वळेल. खरं सांगतो, मला तिनं वळावं असं वाटत होतं.

ती वळली नाही. बांबूंच्या मधे जाऊन थांबली. चांद्याला तिनं मधोमध नाही उभं केलं. डावीकडे उभं केलं आणि उजवीकडे बैलापुरती जागा मोकळी सोडली. त्या रिकाम्या जागेकडे बघून गच्चीवर हशा पिकला. चांद्या आपला त्या बाजूला मान वळवून वास घेत राहिला.

आणि मग रंगूबाई आली. तू कल्पना करतेस तशी नाही. ती शिव्या देत आली. वेशीपासून तिचा आवाज येत होता. माझ्या सोयाबीनीचं वाटोळं या विमलीनं केलं, तिच्या कायदेवाल्या पोरीनं केलं, चांद्याला जुंपलं नाही तरी माझ्या घरचं पाणी लोकांनी सोडलं, जावई येणार होता तो आला नाही, असा सगळा उद्धार करत ती मोऱ्याला दोरीनं ओढत होती, किंवा मोऱ्याच तिला ओढत होता. सकाळपासून त्याला हरीओमच्या माणसांनी आखरावर न्यायची खटपट केली होती आणि दरवर्षी मुकाट जाणाऱ्या मोऱ्यानं, त्या डाव्या अंगाच्या जुंपणीपासून बिथरल्यामुळे, दोघांना गोठ्यातच लोळवलं होतं. ती ओट्यावरच्या लोकांना म्हणाली की तुमाले लई हौस व्हती ना, तुमीच उभं करून दाखवा याले दुसऱ्याच्या बाजूले. मग मोऱ्याला तिनं त्या मोकळ्या जागेत सोडलं. तो चांद्याला खेटून उभा राहिला आणि डोळे मिटले. हशा थांबला. शिव्या मात्र थांबल्या नाहीत. रंगूबाईनं एकदाही ताईकडे पाहिलं नाही.

ताईनं पदराखालून ती झाकलेली वाटी काढली. भर मैदानात, सगळ्यांच्या देखत, तिनं मोऱ्याचे खांदे मळले. एक दिवस उशिरा. बैलाला वेळेचं भान नसतं असं मी तुला लिहिलं होतं, ते तेवढं एक वाक्य खरं निघालं.

माझी झडती राहिलीच होती. खिशातला कागद काढला, पण चष्म्यावर काहीतरी आलं होतं, म्हणून पाठच म्हटली:

तुहं वावर, माहं वावर, तास एकच ओढे,
पोळ्याच्या दिसी मंग जोडी कोन तोडे?
जुवाखाली पुसली नाही कोनं बैलाची जात,
तोरनाले पाह्यताच कशी आली ध्यानात?

झडतीला गावानं ओरडून साथ द्यायची असते. मी थांबलो. कुणी ओरडलं नाही. एक दार लागल्याचा आवाज आला, मग दुसरं. आजवर माझ्या ओळींना एवढी शांतता कधी मिळाली नव्हती. अखेर रंगूबाईच म्हणाली की पुरे झालं मास्तर, बैल उपाशी हायेत. दोन्ही बैल ताईच्या दारात जेवले. रंगूबाई कुंपणापलीकडे उभी राहिली, जेवायला आली नाही. आपली पुरणपोळीची परात मात्र तिनं बैलांसाठी कुंपणावरून आत सरकवली.

आता बाकीचं ऐक, म्हणजे तू पेढे वाटायला निघणार नाहीस. गिरणी बंदच आहे. भावना दुखावल्याची तक्रार आमच्यावर झाली आहे, तिच्यात माझं नाव पहिलं आहे आणि मला शिक्षक न म्हणता इसम म्हटलं आहे. हरीओमनं पारावर जाहीर केलं की पुढल्या वर्षापासून आखरावर पोळा भरणारच नाही, ज्यानं त्यानं आपल्या दारात भरवावा. आपल्याला उभं राहू देण्यापेक्षा त्यांनी स्वतःचंच तोरण सोडून दिलं. मी म्हणालो की ताई, हे जिंकणं म्हणायचं की काय? ती म्हणाली की तू पयले जेव.

दुसऱ्या दिवशी हरीओमचा माणूस बांबू उपटायला आला. ताई सकाळपासून तिथंच शेण वेचत होती. तिनं त्याला सांगितलं की बांबू गावचे हायेत, आन् मी गावची हाये, राहू दे. तो डोकं खाजवत निघून गेला. बांबू अजून तिथंच आहेत. त्याच दुपारी चांद्या-मोऱ्याची जोडी पुन्हा जुंपली गेली, आधी रंगूबाईच्या वावरात, तुरीच्या ओळींमधे. तुडवलेल्या सोयाबीनीवरून ती अजून ताईशी बोलत नाही. बैलांशी बोलते, ताईला ऐकू जाईल असं.

पुढल्या वर्षीच्या तोरणाला आंब्याची पानं ताई देणार, दोर मी वाशीमहून आणायचा, असं ठरलं आहे. म्हणजे तिनं ठरवलं आणि मला कळवलं. तिथं उभं राहायला आणखी कोण येईल ते कुणालाच माहीत नाही. दोर मात्र मी कालच घेऊन ठेवला. मामी विचारते की हा कशाला, तर सांगितलं की घरी लागतो.

नोटिशीची मुदत संपली की आधी आईकडे जा, मग इकडे ये. भांडायचं पुष्कळ बाकी आहे, तेवढ्यापुरता तरी लोभ शिल्लक ठेव.

तुझा
इंद्रभानमामा